फोनवरचं ‘बरं हाय’

डॉ. श्रीपादरावांची माझी पहिली ओळख सत्तरच्या दशकात, बेळगावातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी खानापूरचा, नवाकोरा डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शिकायला आलो होतो. समोर रुग्ण बसला होता आणि मी त्याच्याकडे तपासणीचे कागद मागितले. साहेब म्हणाले, “कागद पळून जात नाहीत. आधी पाय बघा.” तेव्हापासून मी पायच बघत आलो आहे.

मूत्रपिंड बदललेले रुग्ण तेव्हा आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शस्त्रक्रिया दूरच्या मोठ्या शहरात व्हायची, नंतरची देखभाल साहेबांनी अंगावर घेतली होती. बसचे धक्के खात वरचेवर येणे रुग्णांना झेपत नसे. म्हणून दर मंगळवारी त्यांनी ट्रंक कॉल लावून वजन, ताप, लघवी सांगायची आणि महिन्यातून एकदा भेटायला यायचे, असे ठरले. मला ही सोय फार आवडे. साहेबांचा मात्र तिच्यावर पुरता भरवसा नव्हता. “आपला माणूस तिरडीवरूनही ‘बरं हाय’ म्हणेल,” असे ते म्हणत.

निपाणीच्या दत्तूअण्णांना त्यांच्या थोरल्या बहिणीने, शेवंताक्कांनी, मूत्रपिंड दिले होते. अण्णा तंबाखूच्या वखारीतून फोन करत, तेव्हा आक्का शेजारी उभ्या असतच. अण्णांची तक्रार ठरलेली: “डॉक्टर, आळणी आमटी खाऊन जीव इटला बघा.” एका मंगळवारी ती तक्रार आलीच नाही. “समदं बरं हाय,” एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, “आज आमटीला शिव्या नाहीत. चला निपाणीला.”

आम्ही पोहोचलो तेव्हा भर उन्हाळ्यात अण्णा पायांवर चादर घेऊन बसले होते. साहेबांनी आक्कांना चहा करायला आत पाठवले आणि चादर बाजूला केली. पाय सुजले होते. अंगठा दाबला तिथे खळगा पडला.

अण्णा हळूच म्हणाले, “लघवी कमी झालीया. पर फोनाजवळ आक्का हुती. तिनं दिलेलं वाया चाललंय, हे तिच्यासमोर कसं सांगू?”

आक्का कपबशा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, “मी दिलेलं जाऊ दे रं. तू ऱ्हायला पायजेस.”

साहेबांनी त्याच दिवशी गाडी करून अण्णांना मोठ्या रुग्णालयात नेले, स्वतः सोबत गेले. वेळेवर औषध मिळाले आणि मूत्रपिंड तगले. पुढे फोन चालू राहिले, पण साहेबांचा पहिला प्रश्न बदलला: “जवळ कोण आहे?” आवाजात जरा फरक वाटला की ते स्वतः जात. मीही बरोबर असे. ते प्रवास आठवले की आजही जीव हळवा होतो.

आज साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गेल्या महिन्यात ते आजारी असल्याचे कानावर आले म्हणून मी फोन केला. “एकदम बरं आहे,” म्हणाले. मी तसाच चपला घालून निघालो. दार दत्तूअण्णांनी उघडले. निपाणीहून पहिल्या बसने येऊन ते माझ्याआधीच साहेबांच्या पायांशी बसले होते, सूज बघत.

साहेब, शंभर वर्षे निरोगी जगा. फोनवर काहीही सांगा, पाय बघायला आम्ही येणारच.