भांड्याला हात लावू नको

"ओ मावशी, उठा तिथनं. खुर्च्या पाव्हन्यांसाठी हायेत."

हे माझ्या आईला सांगितलं गेलं. माझ्याच सत्काराच्या मांडवात. मी व्यासपीठावर फेटा बांधून घेत होतो. बांधणारा म्हणाला, मान हलवू नका. मी हलवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आई पदर सावरत उठली आणि मागं चपलांच्या ढिगापाशी सतरंजीवर जाऊन बसली. वडील तिच्याशेजारी उभेच राहिले. पुढच्या चार खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या.

मी बोललो नाही. फेट्याचं निमित्त झालं. फेटा नसता तरी बोललो नसतो.

माझे आई-वडील मूळचे पाथर्डीकडचे. ऊसतोडीला बेलापूरच्या या अंगाला यायचे; तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एका वर्षी तात्यांना शेतावर माणसं हवी होती, तेव्हा इथंच राहिले. तात्या म्हणजे गावचे मोठे बागायतदार. शाळेची कमिटी त्यांची, देवळाचा मांडव त्यांचा, माईकही त्यांचाच. मी याच गावात जन्मलो, याच गावच्या शाळेत शिकलो. तरी रेशनच्या रांगेत आणि पोरांच्या भांडणात आम्ही 'तोडकरी'. बाहेरचे. मग मी इंजिनियर झालो, कॅनडाला नोकरी लागली. खरोखर बाहेरचा झालो, तेव्हा गावाला आपला वाटलो. तीन वर्षांनी सुट्टीवर आलो, तर स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी दुपारी हा सत्कार.

तात्यांनी माईक घेतला. "ह्याची आई आमच्या फडात मोळ्या वाहायची. आज त्या कोयत्याचं पोरगं कॅनडात हाय! ही आपल्या गावच्या पान्याची करामत!"

टाळ्या पडल्या. आईच्या पाठीची करामत, असं कुणी म्हणालं नाही. मीही हसलो. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं मला, आणि मी चढलो होतो.

मग तात्यांनी विचारलं, "तिकडं पाकिस्तानी लई असत्यात म्हनं. त्येंला जागा दाखविली का न्हाई?"

पेंगणारा मांडव जागा झाला. पोरांनी मोबाईल वर धरले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "माझ्याच खोलीवर एक होता. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, भांड्याला हात लावू नको. लांबून घे."

शिट्ट्या काय, घोषणा काय. कुणीतरी मला उचलायला धावलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं, हेच खरं आहे.

आता त्या खोलीवरचं खरं सांगतो. नदीम त्याचं नाव. तिकडच्या पंजाबातल्या खेड्यातला, त्याच्याही घरी उसाचीच कामं. पहिल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस त्यानं मला खिचडी करून घातली. कुकर एकच होता, आणि तोही त्याचा. आई रोज व्हिडिओ कॉलवर त्याला धडे द्यायची. "बेटा, उसको हळद डालके दूध दे, पन साय काढके." तो "जी अम्मा" म्हणायचा आणि फोन ठेवला की मला विचारायचा, साय म्हणजे काय. भारत-पाकिस्तान सामना असला की आम्ही एकमेकांना पोटभर शिव्या द्यायचो. ज्याचा देश हरला त्यानं आठवडाभर दोघांची भांडी घासायची, असा आमचा करार होता. मी घासली आहेत, त्यानंही घासली आहेत.

मग ते वाक्य आलं कुठून? मला शोधावं लागलं नव्हतं. आठ वर्षांचा होतो. आई तात्यांच्या पडवीत धान्य निवडत होती. मला तहान लागली. माठावरच्या तांब्याला हात घातला, तर घरातल्या काकू ओरडल्या, "भांड्याला हात लावू नको. लांबून घे." मग त्यांनी वरून पाणी ओतलं आणि मी ओंजळीनं प्यालो. माझ्यामागून आईनंही ओंजळ धरली. तेच वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि संधी मिळताच दुसऱ्याच्या अंगावर टाकलं.

आमच्यात सत्काराचा नारळ घरी आणून देवापुढं ठेवतात, मग घरातल्या बाईनं तो फोडायचा आणि शेजारीपाजारी खोबरं वाटायचं. शेजारच्या बाया येऊन दारात बसल्या होत्या. घरी आल्यावर आईनं मांडवात मिळालेला नारळ हातात घेतला, देवापुढं न ठेवता उंबऱ्याबाहेर ठेवला आणि बायांना म्हणाली, "आज न्हाई फोडनार. जावा तुमी."

बाया गेल्यावर तिनं मला विचारलं, "नदीमचं आन तुझं कुकर एकच हुतं ना रं?"

"हो."

"मंग ते भांड्याचं कुठनं आनलंस?"

मी फेटा सोडायला लागलो.

"तात्याच्या पडवीतनं आनलंस," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, तू ल्हान हुतास, इसरला असशील."

वडील म्हणाले, "जाऊ दे गं, बोलन्याच्या नादात गेलं." आई त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "खुर्चीवरनं उटवलं तवा मला काय बी वाटलं न्हाई. हे ऐकलं तवा वाटलं." तिला खुर्चीवरून उठवताना मी पाहिलं होतं, हे तिला माहीत होतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदन होतं आणि पाहुणा मीच होतो. नारळ बरोबर घेऊन गेलो. राष्ट्रगीत झालं. मुलं ऊन चुकवत रांगेत उभी होती. तात्या टेबलामागं बसले होते. माईक हातात आल्यावर म्हणालो, "काल मी खोटं बोललो. त्या पाकिस्तानी माणसानं मला आजारपणात स्वतःच्या भांड्यात करून घातलं. भांड्याला हात लावू नको, हे मला आणि माझ्या आईला सांगितलं गेलं होतं. याच गावात. तात्यांच्या पडवीत."

मग तात्या म्हणाले, "झेंड्याखाली हुबं राहून पाकिस्तान्याचं कवतिक करतुस?" मागून कुणीतरी ओरडलं, "मंग जा तिकडंच!" गुरुजींनी घाईघाईनं माईक बंद केला. मी नारळ तात्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. कालच्या खोट्याचा व्हिडिओ गावभर फिरत होता. आजचा कुणी काढलाच नव्हता.

घरी आलो. आईला सांगितलं. वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "बोललास ते बरं केलंस. पर आदी बोललास ते गेलं न्हाई."

मग नदीमला फोन केला आणि सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि माफी मागितली. त्यानं एवढंच विचारलं, "अम्मा ने सुना?" मी हो म्हणालो. "अच्छा," म्हणाला आणि फोन ठेवला.

सुट्टी संपवून परत गेलो, तर शेगडीवर दोन कुकर होते. एक जुना, एक नवा. नदीम म्हणाला, "पुराना तू रख ले." भांडला असता तर बरं झालं असतं. आता तो त्याच्या कुकरमध्ये शिजवतो, मी त्याच्या जुन्या कुकरमध्ये शिजवतो. सामने होतात. भांडी आपापली आपण घासतो.

मी त्याची पुन्हा माफी मागत नाही. माफीनं मलाच हलकं वाटेल, त्याचं काही परत येणार नाही. पण एक ठरवलं आहे. देशाच्या नावानं मला कुणी हार घालायला आलं, तर आधी बघेन, आई कुठं बसली आहे. पुढच्या पंधरा ऑगस्टला मी गावात असेन. कुणी बोलावणार नाही, तरी असेन. घरून दोन खुर्च्या नेईन, पहिल्या रांगेत ठेवीन, आई-वडिलांना बसवीन आणि त्यांच्या मागं उभा राहीन. कुणीतरी येईल, 'उठा तिथनं' म्हणायला. येऊ दे. आम्ही उठणार फक्त राष्ट्रगीताला.