अलसी नक्को

दाजींसमोर कोणतंही तेल आलं की ते आधी त्यात बोट बुडवायचे. अंगठ्यावर घासायचे, नाकाशी न्यायचे आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावायचे. मग डोळे मिटून जरा थांबायचे आणि निकाल द्यायचे. करडईत भेसळ असो की एरंडेल जुनं असो, त्यांच्यापासून लपत नसे. रॉकेलसुद्धा त्यांनी असंच चाखलेलं मी पाहिलं आहे. "तेल बोटाला खोटं बोलत न्हाई," असं ते म्हणायचे. माणसं मात्र बोलतात, हे त्यांचं पुढचं वाक्य. ते बहुधा माझ्याकडे बघून म्हटलेलं असे, कारण मी त्यांचा मेहुणा.

दाजी म्हणजे सोपानराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वालूरजवळ त्यांचं गाव, आम्ही पाथरीकडचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्या भागात सगळा कारभार बैलांच्या जिवावर चालायचा. वालूरच्या बाजाराला शंभर गाड्या कुरकुरत येत, दाजींची तेवढी मुकाट येई. जाळलेल्या काडाची काजळी एरंडेलात खलून ते स्वतः वंगण करत. त्या वंगणाच्या नळकांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "चाक कुरकुरलं की समजावं, धनी झोपलाय," असं ते पुढच्या गाडीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. अशा माणसाला मित्र कितीसे असणार? अक्का म्हणायची, चाकाला घालतात त्यातलं थोडं वंगण जिभेला लावलं असतं तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं.

घरात तिसरा माणूस म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ गणपत. अक्का लग्न होऊन आली तेव्हा तो अंगणात रांगत होता. सासू लवकर गेली, आणि त्याला अक्कानंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, त्यामुळे दीर आणि लेक दोन्ही तोच. गणपत स्वभावानं संथ. काम टाळायचा नाही, पण त्याला घाई माहीत नव्हती, आणि दुपारी झाडाखाली पाठ टेकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दाजी त्याला नावानं क्वचितच हाक मारत. आळशी कुठं गेला, आळशाला भाकरी वाढा, असंच चाले. शब्द घरात इतका रुळला होता की गणपतही त्याला ओ द्यायचा.

दाजींच्या रानातला नदीकडचा मोठा तुकडा कुंद्यानं खाल्ला होता. कुंदा म्हणजे चिवट गवत, त्याच्या मुळ्या फार खोल जातात. बैलांच्या नांगरानं त्या तुटतात आणि दुप्पट फुटतात. म्हणून दाजींनी एक धाडस केलं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या कामावर वापरून जुना झालेला, चाकांऐवजी लोखंडी साखळ्यांवर चालणारा ट्रॅक्टर त्यांनी लिलावात उचलला. गावानं त्याचं नाव रेडा ठेवलं. तो चालवायला शिकवण्यासाठी हैदराबादेहून एक मिस्त्री आला होता. रेडा चालायचाही रेड्यासारखाच, डुलत आणि स्वतःच्या मर्जीनं. घाई असणाऱ्याचं तिथं कामच नव्हतं. मिस्त्रीनं गणपतला त्याच्यावर बसवलं आणि दोघांचं छान जमलं. तेलाचं खातं अर्थातच दाजींनी स्वतःकडे ठेवलं.

तेव्हा महायुद्ध सुरू झालं होतं आणि कंपनीचं तेल मिळण्याची मारामार होती. मिस्त्री परत निघाला त्या दिवशी दाजींनी त्याला विचारलं, की ते तेल मिळेनासं झालं तर काय घालायचं. मिस्त्रीनं जरा विचार केला आणि म्हणाला, "अरंडी चलता. मगर अलसी नक्को, बिलकुल नक्को. अलसी लगाये तो गाडी गई समझो."

दाजींनी वळून पाहिलं. गणपत नेमका लिंबाच्या सावलीत आडवा झालेला होता. "ऐकलं का पाव्हणं?" दाजी मला म्हणाले, "परमुलखाच्या मानसाला सुदिक कळलं." अरंडी म्हणजे एरंडेल, एवढं आम्हाला समजलं. अलसी आम्ही आळशी असंच ऐकलं. आळशाला कामावर लावलं तर गाडी गेली, हे तर समजायची गरजच नव्हती, त्या घरात तेच रोज ऐकू येई. अलसी म्हणजे जवस, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जवसाला जवसच म्हणतात. उर्दू आम्हाला कचेरीपुरती यायची, आणि कचेरीत तेलबियांचं काय काम?

दुसऱ्या दिवशी दाजींनी गणपतला रेड्यावरून उतरवलं आणि स्वतः बसले. गणपत मागं राहून कुंद्याच्या मुळ्या वेचू लागला. त्या उन्हाळ्यात तो जेवायचा कमी. पुढच्या साली कंपनीचं तेल संपलं. एरंडेलही पुरेसं मिळेना. दाजींनी घाण्यावरून ताजं जवसाचं तेल आणलं, बोट बुडवलं, घासलं, चाखलं आणि पसंतीची मान हलवली. एरंडेलापेक्षा हलकं, चोपडं, शिवाय घरच्या रानातलं. दोन्ही मिसळून त्यांनी ते इंजिनात ओतलं आणि साखळीखालच्या चाकांनाही दिलं. रेडा चालला, आणि बरा चालला. अर्धा तुकडा उलटा होऊन पडला तेव्हा दाजी अंगणात अशा थाटात फिरत होते की जणू कुंदा त्यांना भिऊन निघाला.

मग आमच्याकडे पाथरीला लग्न निघालं. दाजी आणि अक्का आले, गणपत गुरांसाठी मागं राहिला. लग्नाचं सगळं उरकून मीही त्यांच्याबरोबर गेलो, तर रेडा जागचा हलेना. दाजींनी गडी लावून हँडल जबरदस्तीनं फिरवलं आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. खोलून पाहिलं तर सगळीकडे तांबूस, घट्ट, चिकट असा थर. दिसायला थेट गुऱ्हाळातली काकवी.

"जागेवरनं उतरवलं म्हनून ह्यानं काकवी वतली," दाजी म्हणाले.

गणपत पुढे झाला. त्यानं बोटानं थोडं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. "कडू लागायलंय, दादा," तो म्हणाला. "काकवी न्हाई ही. तुमी चाखून बगा."

दाजींनी हात पुढे केला नाही. रॉकेल चाखणाऱ्या माणसानं ते चाखलं नाही. मी तिथं उभा होतो, आणि त्या न उचललेल्या हाताची चीड मला आजही येते. "आळशी हुता, आता चोर बी झाला," एवढं बोलून ते घराकडे वळले. गणपतनं अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडलं. अक्का नदीपर्यंत त्याच्यामागं धावली. त्यानं तिला परतायला सांगितलं, मागं मात्र वळून पाहिलं नाही. पुढं कळलं की तो सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो.

काही वर्षांनी मी परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जवस विकायला नेलं. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला आणि गुमास्त्याला म्हणाला, "अलसी अच्छी है." मी त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. तो हसला. हे तेल वाळून लाखेसारखं बसतं, म्हणून तर रंगारी नेतात, असं त्यानं मला समजावलं. मी माल तिथंच सोपवून तडक दाजींकडे गेलो.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जवसाला अलसी म्हनायची काय रीत हाय का? त्या मिस्त्रीनंच नीट सांगाया पायजे हुतं." मी म्हटलं, मिस्त्रीचं राहू द्या, गणपतला आणा. अक्कानं तर सांगूनच टाकलं की भाऊजी घरी आल्याशिवाय मी चूल पेटवणार नाही. जन्मात पहिल्यांदा ती त्यांना असं बोलली. दाजी सेलूला गेले आणि संध्याकाळी एकटेच परतले. ओट्यावर बसून म्हणाले, "समदं सांगितलं. माजं चुकलं म्हनलं. पाय धरायचं तेवढं ऱ्हायलं. येत न्हाई म्हनला."

त्यापुढं अक्का गणपतवर रुसली. थोरला भाऊ वाकला आणि ह्याला दया आली नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. तिनं त्याला निरोप पाठवणं बंद केलं. मलाही त्याचा राग आला होता. रेडा नदीकडेला गंजत राहिला आणि त्याच्या साखळ्यांतून कुंदा वर आला.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी दाजी तापानं गेले. निरोप मिळताच गणपत आला. अग्नी त्यानंच दिला. सावडून आल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. अक्का रडून रडून थकली होती. तिला राहवलं नाही. "भाऊजी, त्यांनी चूक कबूल केली हुती," ती म्हणाली. "तरी तुमी आला न्हाईत."

"कसली चूक?" गणपतनं विचारलं.

मी त्याला सांगितलं. मिस्त्री, अलसी, जवस, मोंढा, सगळं. सांगून झाल्यावर त्यानं फक्त अलसी म्हणजे जवसच ना, असं विचारून घेतलं.

"दादा आले हुते," मग तो म्हणाला. "जिनिंगच्या फाटकापाशी बसले. पावसाचं बोलले, बैलांचं बोलले, ह्यातलं काईच बोलले न्हाईत. उठताना म्हनले, घराकडं कामाला मानूस लागतंय. मी म्हनलं, आळशी मानूस कशाला? तसेच गेले. मी त्यांच्या म्होरं चाखून दाखवलं हुतं, वैनी. मला वाटलं, म्या काय केलं न्हाई हे दादाला ठावं हाय, अन् तरी मला काढायचंच हाय. मंग येऊन काय करायचं?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. उठली, आत गेली आणि गणपतसाठी ताट वाढून घेऊन आली. दहाव्याला गावातल्या बायका तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडल्या. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.