पान नऊवर अडकलेले आम्ही तिघे

एक जाडजूड पुस्तक आणि तीन माणसं एका खोलीत आली की किस्से आपोआप साचतात. वाचन तेवढं होत नाही!

पनवेलला दर रविवारी सकाळी आम्ही सुमतीबाईंकडे जमतो. बाई अठ्ठावीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झाल्या. नरेश तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर. मी मेडिकलवाला. एका महाकठीण जर्मन ग्रंथाचं नवं इंग्रजी भाषांतर आलं आणि बाईंना ते एकटीने वाचवेना. म्हणून आम्ही!

*

पहिल्याच दिवशी बाईंनी मूळ जर्मन वाक्य वाचायला घेतलं. पाऊण पान झालं तरी थांबेनात. "क्रियापद शेवटी येतं," त्या धापा टाकत म्हणाल्या.

नरेशने घड्याळ पाहिलं. "येऊ दे सावकाश बाई. माजी सेकंड शिफ्ट हाय!"

*

मी ते पुस्तक दुकानातही न्यायला लागलो. एका गिऱ्हाइकाने उलटसुलट करून पाहिलं. "डोकेदुखीवर आहे का?"

"डोकेदुखीवर नाही. डोकेदुखीसाठी!"

*

नरेशच्या बायकोचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"कुठं पोचलाव?"

"पान नऊ."

"मागल्या महिन्यात पन नऊच व्हतं!"

*

बाईंचं मात्र हसण्यावारी नव्हतं. नव्या भाषांतरात एका मुख्य जर्मन शब्दाचा अर्थच बदलला होता. जुन्यात त्याचा अर्थ नुसता 'रद्द करणे'. बाईंनी वर्षानुवर्षं तोच शिकवलेला! त्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. शेवटी त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. "अगं, मी तुला चुकीचं शिकवलं गं."

"काळजी करू नका मॅडम, मला तेव्हाही काही कळलं नव्हतं!"

आम्ही हसलो. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

*

तो शब्द तीन रविवार आमच्या मानगुटीवर होता. मोडणं, जपून ठेवणं आणि वर उचलणं, तिन्ही एकाच शब्दात. "असं एकदम होतंच कसं?" मी चिडून विचारलं.

"आमचं गाव विमानतळात गेलं ना," नरेश म्हणाला, "तवा घर मोडलं. आयनं दाराची चौकट तेवढी सोडली नाय. नव्या घरात ती बसंना. मंग गच्चीवर उभी केली. नुसती चौकट. भिंत नाय, काय नाय."

बाईंनी पुस्तक मिटलं. "नरेश, मला आत्ताच्या आत्ता तिकडे ने."

आम्ही गेलो. गच्चीवर पलीकडच्या टोकाला नरेशची आई सुकट वाळत घालत होती. मधोमध ती चौकट, उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू. आम्ही चौकटीच्या बाजूने सरळ पुढे निघालो.

म्हातारी कडाडली, "ओ बाय, भिंतीतून काय येताव? दार हाय ना!"