फणसाचा मान

१४ ऑगस्ट २०२३ रोजी केसरीनाथ शेठने देवूच्या हातावर पाच हजार एक रुपये ठेवले, आणि देवूने ते उचलून पुन्हा ओट्यावर ठेवले.

"कमी वाटले काय रं?" शेठने विचारलं.

"पैसा न्हाय चालत, शेठ. फणसाला नारळ द्या. तुमच्या हातानं."

कशेळीला शेठची वाडी होती. शेजारची शेतं गोदामांखाली गेली, वाडी तेवढी राहिली. गवत कापायला, कुंपण बांधायला देवू डोंगराकडच्या पाड्यावरून तिथे येई. वाडीतल्या म्हाताऱ्या फणसाच्या खोडावर खुरासारखं कठीण, तपकिरी अळंबं धरायचं. ते दगडावर पाण्यात उगाळून त्यात दगडी पाल्याचा रस मिसळायचा आणि जखमेवर लेप द्यायचा, हे देवू बापाकडून शिकला होता. साखरेच्या आजारामुळे शेठच्या तळव्याची जखम भरत नव्हती. डॉक्टरच्या गोळ्या नि पट्ट्या चालूच होत्या, त्यात शेठाणीने हट्टाने देवूचा लेप सुरू करवला. जखम भरली. गोळ्यांनी भरली की लेपाने, हे कुणी सांगावं? देवूनेही कधी तसा दावा केला नाही.

त्याच्या घराण्याची रीत मात्र ठरलेली होती. औषधाला मोल नाही. बऱ्या झालेल्या माणसाने अनवाणी यायचं आणि ज्या झाडाचं अळंबं घेतलं, त्याच्या बुंध्याशी आपल्या हाताने नारळ ठेवायचा. हा झाडाचा मान. तो मिळेपर्यंत त्या झाडाला कोयता लावायचा नाही. लावला तर लेपात गुण उरत नाही, असं बाप सांगून गेला होता.

"अनवाणी?" शेठ हसला. "डॉक्टर घरातसुदा चप्पल घाल म्हणतो, नि तू मला वाडीत अनवाणी फिरवतोस? बरं, येईन दिवाळी झाली की."

ती दिवाळी गेली, पुढचीही गेली.

देवूची बायको ठकी मानकोलीच्या एका गोदामात खोकी भरायच्या कामाला होती. एका दुपारी लाकडी फळीचा खिळा तिच्या उजव्या पायात घुसला. सरकारी दवाखान्यात सुई टोचली, पट्टी बांधली आणि रोज यायला सांगितलं. रोज जाणं म्हणजे रोजचा खाडा. आठवड्याभरात तिने जाणं सोडलं.

"तुझं अळंबं आण," ती म्हणाली. "शेठचा पाय भरला, माझा न्हाय भरायचा?"

पाड्यावरचे फणस कोवळे, त्यांच्यावर अळंबं धरत नव्हतं. देवू शेठच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नारळासाठी एवढा लांब आलास?" शेठ म्हणाला. "देवेश, याला आतून पाचसहा नारळ आणून दे रे."

"मी ठेवून चालत न्हाय, शेठ. ज्याचा पाय, त्याचाच हात लागतो."

शेठचा मुलगा देवेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "पप्पा, जाऊन या ना. झाड कोर्टात जाईल नायतर."

सगळे हसले. देवूही थोडा हसला. रविवारी येतो, असं शेठने सांगितलं.

रविवारी देवू फणसाखाली अंधार पडेपर्यंत बसून राहिला. अळंबं हाताच्या उंचीवर होतं, कोयता कमरेला होता. पुढच्या रविवारी शेठकडे नात्यातल्या कुणाची तरी हळद निघाली.

ठकीचा पाय सुजून टरटरला होता.

"कापून आण," ती म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतो ना."

"बघ मग. नारळ त्याचा, पाय माझा."

"बिनमानाचं लावलं नि पाय चिघळला तर?"

"आता काय फुलं आलीत त्याला?"

तिला ताप भरला, बोटं काळी पडली, तेव्हा देवूने रिक्षा केली. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढावी लागली. "पट्ट्या बंद का केल्या? आठवडाभर आधी तरी आणायचं," डॉक्टर म्हणाले. नारळाची गोष्ट देवूने त्यांना सांगितली नाही. ती सांगण्यासारखी आहे, असं तोवर त्यालाही वाटेनासं झालं होतं.

गोदामातलं काम उभ्याचं, त्यामुळे तेही सुटलं. ठकी आता उंबऱ्याशी बसून असते आणि देवूशी कामापुरतं बोलते.

यंदा उन्हाळ्यात वाडीही गोदामाला दिली गेली. कंटेनर वळवायला जागा हवी म्हणून फणस पाडला. फांद्या ओढायला देवूला रोजावर बोलावलं होतं. आडव्या पडलेल्या खोडावर अळंबं तसंच होतं, आणखी वाढलेलं.

बूट घालून उभा असलेला शेठ म्हणाला, "आता झाडच न्हाय रं देवू. मान कुणाला देऊ? सुटलो बघ मी."

देवूने अळंब्याला हात लावला नाही. संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा ठकीने आपणहून विचारलं, "होतं काय त्याच्यावर?"

"होतं."

"केवढं?"

देवूने पंजा पसरून दाखवला. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

केसरीनाथ शेठकडून फणसाला एक नारळ येणं बाकी आहे.