कुसुमचं पहाडी रक्त

भुताखेतांचं मला विचारू नका. तीस वर्षं इंदूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासण्यात गेली. नळीत दिसेल तेच खरं, असा माझा स्वभाव. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय...

मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही इंदुरात सियागंज बाजाराच्या मागे राहायचो. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्या हिवाळ्यात माझ्या बायकोची, कुसुमची, पाळी चुकली. दोन महिने घरात आनंद. मग लेडी डॉक्टरांनी सांगितलं – दिवस गेलेले नाहीत.

शिवाय तिचं डोकं सतत दुखायचं, जेवण नको, चार पायऱ्या चढली की धाप. मला वाटलं, अ‍ॅनिमिया. स्वतःच रक्त काढलं. तेव्हा नळीतल्या रक्तात थेंब थेंब पाणी घालून त्याचा रंग नमुन्याच्या काचेशी जुळवायचा असे. मी पाणी घालतच राहिलो... रंग फिका होईना! म्हणजे रक्त कमी नव्हतं, उलट भलतंच दाट. पुन्हा केलं. तेच.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट पाहिला. "पहाड़ पर रहती हैं क्या?"

"नहीं साहब, यहीं पास के सांवेर के आगे कभी गई नहीं."

ते म्हणाले, खूप उंचावर हवा विरळ असते, शरीरातले हार्मोन्स बदलतात. रक्त दाट होतं, बायकांची पाळीही बिघडू शकते. पण इंदुरात? त्यांनाही समजेना.

कुसुमचा जुळा भाऊ मधू फौजेत, लडाखमध्ये होता. चैत्रात सुट्टीवर आला.

"जीजाजी, वर सगळ्यांची हालत खराब होते. माझं एक दिवस डोकंसुद्धा दुखलं नाही! म्हणून उंच चौकीवर मलाच पाठवतात."

सहज त्याचं रक्त पाहिलं. चार महिने वर राहिलेला माणूस, आणि रक्त अगदी आपल्यासारखं साधं. चौकीवर कधी चढलास, विचारलं. कुसुमचं डोकं दुखू लागलं, तोच आठवडा.

तो खाली आल्यावर महिन्याभरात कुसुमचं रक्त पातळ झालं, पाळी आली. मी मधूला सगळे रिपोर्ट दाखवले. त्याने एकेक तारीख बोटांवर मोजून पाहिली.

"कुसुमला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू."

त्याने मैदानी भागात बदली मागून घेतली. त्यापायी बढती गेली. पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली.

जुळी असली तरी दोन शरीरं, मध्ये शेकडो मैल... हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कुसुम मात्र शेवटपर्यंत सगळ्यांसमोर चिडवायची, "पहाडाला घाबरला आमचा मधू!"

तो हसून "हो" म्हणायचा.