गाडी चालू ठेवणारे मामा

"उतरत न्हाई, गाडी चालूय."

भोरमध्ये कुणाच्याही दारात मोटार थांबली की मामा आधी हे वाक्य म्हणायचे आणि मग रामराम. हात चाकावर, पाय आत आणि मान तेवढी बाहेर. माझे ते सख्खे मामा नव्हेत. हिरड्याचा व्यापार करणारे, बायको वारलेली, घरात एकटेच. सगळं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याच्याजवळ कुणी बसत नाही.

मोटार मूळची पुण्यातल्या एका मोठ्या साहेबाची. पुढे झेंडा लावायची पितळी दांडी होती, तिच्यावर मामा आपला पंचा वाळत घालत. साहेब विलायतेला गेला, मोटार सारोळ्याच्या एका कंत्राटदाराकडे आली आणि त्याने ती मामांच्या गळ्यात बांधली. पण विकताना तो खोटं बोलला नाही, एवढं मामा नेहमी कबूल करत. तो म्हणाला होता, "चालू असली तर ही जलमात बंद पडायची न्हाई. बंद केली, तर मग तिची मर्जी."

आणि तसंच होतं. घाटाकडचे चढ ती धापा न टाकता चढे. पण एकदा विझवली की हँडल मारणाऱ्याचा खांदा निखळायची वेळ येई. मामांचं घर उतारावर होतं. तिथून सोडली की घरंगळत जाऊन ती सुरू व्हायची. म्हणून घर सोडून कुठेही ती बंद करायची नाही, असं मामांनी ठरवूनच टाकलं.

मी एकदा म्हणालो, "पेट्रोल फुकट जळतंय, मामा."

"मानूस नुसता बसून श्वास घेतो, त्यो काय फुकट जातो व्हय?"

विंझरच्या एका लग्नात नवरदेवासाठी ही मोटार नेली होती. मांडवाला लागून ती घरघरत उभी. भटजींना मंगलाष्टका ओरडून म्हणाव्या लागल्या. शेवटी नवरीचा चुलता धावत आला. "अवो मामा, तिला गप करा की! अक्षता कवा टाकायच्या त्येच कळंना."

"करतो गप. मग नवरीला चालत न्या."

लोकांनी अंदाजाने अक्षता टाकल्या.

कुणाकडे कोणी वारलं तरी मामा समाचाराला मोटारीतूनच जात. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून त्यांना ओरडावं लागे, "लई वाईट झालं वोऽ!" घरच्यांना रडता रडता हसू येई. हळूहळू लोकांनी त्यांना "आत या" म्हणणंच सोडलं. त्यांचा चहा पेल्यातून रस्त्यावर येई, आणि पेला देणारा लगेच मागे फिरे.

आमच्या घरात शाळेत गेलेला मीच पहिला. पुढे पुण्याच्या कॉलेजात गेलो. आमचं गाव हिर्डोशीच्याही पलीकडे, डोंगरात. सुट्टीत भोरला उतरलो की मामा हाक मारत, "काय कालेजवाले, बसा." त्यांची एकुलती एक लेक हिर्डोशीला दिलेली होती. मोटार त्यांनी घेतली ती तिच्याकडे जाता यावं म्हणून.

तिचं सासर भातखाचरांच्या मधे, अगदी सपाटीला. मोटार बांधाशी थांबे. ती पदर सावरत धावत येई.

"आबा, आत तरी या!"

"उतरत न्हाई बाय, गाडी चालूय! बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय!"

हे सगळं ओरडून. ओटीवर बसलेल्या सासूला शब्द न् शब्द ऐकू जाई. त्या घरघरीत मुलीला बापाशी हळू काही बोलताच यायचं नाही. बांगड्या, लुगडं, शेवेचा पुडा तिच्या हातात देऊन मामा मोटार वळवत.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नाही. आत जाऊन बसलं की पाणी पुढे येणार. ते नाकारलं की लेकीचं उणं चारचौघांत उघडं पडणार. गाडी चालू असली की हा प्रसंगच येत नसे. मोटार बंद पडायची भीती खरी होती, पण मामांच्या मनात ती एकटीच नव्हती. हे मला फार उशिरा समजलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी शेजारी बसलो होतो. सासूने मुलासाठी दुसरी मुलगी बघितल्याचं आमच्या गावापर्यंत आलं होतं. मामांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही वाटेत धीर झाला नाही.

मामांची लेक धावत बांधाशी आली. मोटारीच्या दाराला धरून म्हणाली, "आबा, येक सांगायचंय."

"काऽय?"

"सांगायचंय!"

"मोठ्यानं बोल की!"

तिने ओटीकडे पाहिलं. मग हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. पलीकडे नीरा वाहते आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"आता मी जाऊ कसा गं?" मामा म्हणाले.

"नगा जाऊ." आणि मग अगदी हळू, "आबा, माझ्यावर सवत आनत्यात."

मामांनी विझलेल्या मोटारीच्या चाकावरचे हात काढले. मग उतरले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरेच बुटके निघाले. चालत ओटीवर गेले, घोंगडीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पानी आन, बाय."

सासू चपापली. "अवो इवाई, आजून नातू न्हाई. पानी कसं घेताय?"

"नातवाची वाट बघून तान भागंना, इहीनबाई. माजी लेक हाय न्हवं हितं?"

त्यांनी तांब्या एका दमात रिकामा केला. नाचणीची भाकरी मागून घेतली आणि सावकाश खाल्ली. जावई दाराच्या चौकटीला धरून खाली बघत उभा होता. मोटार दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून चढावर नेली, तेव्हा कुठे उतारावर सुरू झाली.

सवत काही टळली नाही, पुढच्या वर्षी ती आलीच. पण मामा त्यानंतर दर महिन्याला त्या ओटीवर जाऊन जेवू लागले. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा भाताच्या बैलगाडीतून आणि उरलेलं पायी जात. त्या घरात मुलीला कुणी उणं बोललं, तर महिन्याभरात बाप येऊन समोर बसणार, हे सगळ्यांना ठाऊक झालं.

गेल्या पावसाळ्यात मामा वारले. मी परीक्षेत होतो, मला उशिरा कळलं. सुट्टीत घरी जाताना हिर्डोशीला त्यांच्या लेकीकडे थांबलो. ती म्हणाली, "तुमी येवढं बसलायसा त्यांच्या शेजारी. वाटंनं माझं काय बोलायचे वो आबा?"

मी खरं ते सांगितलं. "वाटेत काहीच बोलत नसत. पण तुमचं घर जवळ आलं की एका हाताने टोपी काढायचे, बोटांनी केस नीट बसवायचे आणि टोपी परत घालायचे."

"टोपीखालचे केस?"

"हो."

ती हसली. मग आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.