मावशीचं बोट

एकतीस वर्षं कचेरीत टायपिंग करून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले, "यांनी टाइप केलेल्या कागदावर मी न वाचता सही करायचो." त्या एका वाक्यावर बाईंनी पुढचे कित्येक रिकामे दिवस काढले.

धाकट्या बहिणीचा मुलगा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला होता. असे प्रोग्राम एकमेकांशी लढवायच्या स्पर्धा होतात. पण प्रोग्रामला हात कुठले? म्हणून पटापाशी माणूस बसवतात. स्क्रीनवर येईल ती खेळी पटावर करायची, समोरच्याची खेळी टाइप करायची, घड्याळ दाबायचं. आपलं डोकं मुळीच चालवायचं नाही.

"मावशी, तूच बस. तुझ्याइतकं बिनचूक कोण आहे?" भाचा म्हणाला, आणि बाई सहा वर्षं बसल्या. बक्षिसं भाच्याच्या कपाटात गेली. पेपरात फोटो आला, त्यात बाईंचं फक्त कोपर होतं. त्यांना काही वाटलं नाही. बघून बघून खेळ मात्र चांगलाच कळायला लागला.

सातव्या वर्षी अंतिम सामन्यात समोर एका औषध दुकानदाराचा प्रोग्राम होता. व्यायामशाळेच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं, जमिनीवर चिकटपट्टीनं बसवलेल्या वायरी, खुर्च्यांवर शंभरेक माणसं. अडतिसाव्या खेळीला स्क्रीनवर जे आलं ते बाईंनी दोनदा वाचलं. हत्ती थेट उंटाच्या तोंडी! पण नियम म्हणजे नियम. त्यांनी हत्ती उचलला, सांगितलेल्या घरात ठेवला, घड्याळ दाबलं. पुढच्याच खेळीला उंटानं हत्ती गिळला.

भाचा खुर्चीवरून ताडकन उठला. "थांबा! ही आमची खेळी नाही. मावशीचं बोट चुकलं."

बाईंना आधी कळेचना, हा कुणाबद्दल बोलतोय. मग कळलं. प्रोग्राम चुकला तर डाव गेला. पण पटापाशी बसलेला माणूस चुकला, तर खेळी मागे घेता येते. एवढ्यासाठी!

पंच म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या लगबगीनं आल्या. "काय हो, चुकलात का तुम्ही?"

बाई बोलायच्या आत भाचाच बोलला, तोही हॉलभर ऐकू जाईल असा. "वय झालंय तिचं. परवा घरी गॅस तसाच चालू ठेवून बाहेर पडली."

गॅस चालू ठेवला होता त्याच्या आईनं.

मग तो खाली वाकून कुजबुजला, "हो म्हण ना गं मावशी. एका शब्दाचं तर काम आहे."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं बिनचूक, आणि गरज पडली तर म्हातारी? आधी येऊन विचारलं असतं तर माया आडवी आलीही असती. पण यानं चारचौघांत चिखल फासला, आणि वर आता हो म्हण म्हणतोय!

"चुकले नाही," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरमधली नोंद उघडा."

"मावशी, हे आपण घरी बोलू."

"तू घरी बोललास का? इथे बोललास. मीही इथेच बोलणार."

पंचांनी नोंद उघडली. खेळी अडतिसावी, हत्ती, तेच घर. भाच्याचा चेहरा बघून बाईंना कळलं, की ती ओळ त्यानं ओरडण्याआधीच वाचली होती.

"ठीक आहे, खेळ पुढे चालू द्या," पंच म्हणाल्या.

"ठीक नाही," बाई म्हणाल्या. "चुकले म्हणून यानं मोठ्यानं सांगितलं. नव्हते चुकले, हेही मोठ्यानं सांगा."

पंचांनी हॉलकडे तोंड करून ते खणखणीत सांगितलं.

पुढच्या नऊ खेळ्या बाईंनीच केल्या, हरेपर्यंत. संतापातही सोंगटी एकही घराबाहेर गेली नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "एका खेळापायी माझ्या पोराचं नाक कापलंस!"

"नाक त्याचं त्यानंच कापलं. माझ्या बोटांवर उठला होता तो, ते विचार त्याला."

बहिणीनं वर्षभर बोलणं टाकलं. बाईंनीही आपणहून फोन केला नाही.

पुढच्या स्पर्धेला औषध दुकानदारानं विचारलं, "बसाल का आमच्या बाजूनं?" बाई बसल्या. समोर भाच्याचा प्रोग्राम आला, आणि तो जिंकला, चांगला खेळून जिंकला. बाईंनी निकालाच्या कागदावर त्याचा विजय सुबक अक्षरात लिहिला.

भाचा पटाशी रेंगाळला. "मावशी, अजून राग आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि सोंगट्या डब्यात भरू लागल्या.

तो मदतीला वाकला. त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.